‘कोणीतरी करील’ : सामान्यांचे शौर्य आणि साक्षीदाराचा संकोच

शौर्य हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांसमोर रणांगण, शस्त्रे आणि असामान्य बाहुबल असलेला पुरुष उभा राहतो. परंतु सामान्य माणसाच्या आयुष्यात शौर्याची कसोटी पाहणारे प्रसंग निराळ्याच वेषात येतात. महामार्गाच्या कडेला दुचाकी घसरून एक तरुण रक्ताच्या थारोळ्यात पडलेला असतो. वीस-पंचवीस माणसे त्याच्याभोवती कडे करून उभी असतात. कोणी म्हणतो, पाणी आणा. कोणी म्हणतो, हात लावू नका. सर्वांच्या मुद्रेवर हळहळ असते आणि प्रत्येकजण दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत असतो. रुग्णवाहिका कोणीतरी बोलावलीच असेल असे प्रत्येकाला वाटते आणि म्हणून पुष्कळदा ती कोणीच बोलावलेली नसते.

ही माणसे दुष्ट आहेत काय? मुळीच नाही. त्यांतील बहुतेकजण घरी आजाऱ्याची शुश्रूषा करणारे, शेजाऱ्याच्या अडीअडचणीला धावणारे असतात. मग नेमक्या त्या क्षणी त्यांचे पाय जागच्या जागी का खिळतात? या प्रश्नाचा विचार धम्माच्या अभ्यासकाने करणे अगत्याचे आहे. कारण जी करुणा मनात उपजते परंतु हातापर्यंत पोहोचत नाही, ती दुःखिताच्या दृष्टीने नसल्यासारखीच होय.

विनयपिटकातील एक प्रसंग

हा प्रश्न नवा नाही. विनयपिटकाच्या महावग्गात, चीवरखंधकात, याविषयी एक अत्यंत मार्मिक प्रसंग आला आहे. एक भिक्खू पोटाच्या विकाराने आजारी होता आणि स्वतःच्याच मलमूत्रात पडून राहिला होता. भगवान बुद्ध आनंदासह भिक्खूंच्या निवासांची पाहणी करीत तेथे आले. तुझी सेवा करणारा कोणी आहे काय, असे त्यांनी विचारता त्याने नाही असे सांगितले. का नाही, असे विचारता तो म्हणाला की, मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून तेही माझी सेवा करीत नाहीत. तथागतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले. तथागतांनी पाणी ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले. एकाने डोक्याकडून आणि दुसऱ्याने पायांकडून उचलून त्याला मंचकावर निजविले.

पुढील उपदेश सर्वपरिचित आहे. तुम्हाला येथे आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करणार, आणि ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने रुग्णाची सेवा करावी, असा त्याचा आशय आहे. विहारांतून तो वारंवार सांगितला जातो. परंतु त्यानंतर जे येते त्याकडे आपले पुरेसे लक्ष जात नाही. केवळ उपदेश करून तथागत थांबले नाहीत. त्यांनी एक क्रम घालून दिला. आजारी भिक्खूला उपाध्याय असल्यास त्याने सेवा करावी. आचार्य असल्यास त्याने. त्यानंतर सहविहारी शिष्य, अंतेवासी, तसेच एकाच उपाध्यायाचे वा आचार्याचे शिष्य यांचा क्रम लावला आणि यांपैकी कोणीच नसल्यास ती जबाबदारी संघावर टाकली. सेवा न केल्यास ‘दुक्कट’ नावाचा दोष सांगितला.

या क्रमाचे महत्त्व असे की, ‘सर्वांनी करावे’ या मोघम विधानाच्या जागी ‘तू करावेस’ हे निश्चित विधान आले. त्या विहारातील भिक्खू निर्दय नव्हते. सेवा नेमकी कोणाची हे ठरलेले नव्हते. सर्वांचे काम ते कोणाचेच नव्हे, हा मनुष्यस्वभावाचा दोष ओळखूनच हा नियम केलेला दिसतो.

आधुनिक प्रयोगांची साक्ष

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मानसशास्त्राने याच दोषाचा प्रयोगांनी शोध घेतला. त्याला निमित्त झाले ते न्यूयॉर्क शहरातील एका हत्येचे. १३ मार्च १९६४ च्या पहाटे किटी जेनोव्हीज या तरुणीवर तिच्या घराजवळ प्राणघातक हल्ला झाला. दोन आठवड्यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ या दैनिकाने असे वृत्त दिले की, अडतीस शेजारी हे सर्व पाहत राहिले आणि एकानेही पोलिसांना वेळेवर कळविले नाही. ही कथा जगभर गेली. पुढील संशोधनाने मात्र तिच्यातील अतिशयोक्ती उघड केली. संपूर्ण हल्ला पाहू शकणारे फारच थोडे होते, पुष्कळांनी केवळ अस्पष्ट आवाज ऐकले होते, आणि सोफिया फॅरर नावाची एक शेजारीण तर हल्लेखोर जवळपास असू शकतो हे ठाऊक असूनही खाली धावत गेली व अखेरपर्यंत तिला जवळ धरून बसली. मूळ वृत्त सदोष होते, असे त्या दैनिकानेही २०१६ साली मान्य केले. जी स्त्री धावून गेली तिचा उल्लेख वगळून न धावलेल्यांचीच कथा अर्धशतक सांगितली गेली, हीदेखील विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

तथापि त्या वृत्ताने प्रेरित होऊन जॉन डार्ली आणि बिब लाताने या संशोधकांनी जे प्रयोग केले त्यांचे मोल कमी होत नाही. १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून ध्वनियंत्रणेवरून एकमेकांशी बोलावयास लावले. मध्येच एकाला फेफरे आल्याचे आवाज ऐकू येत. ते अर्थातच आधी ध्वनिमुद्रित केलेले होते. हे ऐकणारा आपण एकटाच आहोत असे ज्यांना वाटत होते, त्यांपैकी ८५ टक्के विद्यार्थी तो झटका संपण्यापूर्वीच मदतीसाठी उठले. आणखी एकजण ऐकत आहे असे वाटताच हे प्रमाण ६२ टक्क्यांवर आले. आणखी चौघे ऐकत आहेत असे वाटले तेव्हा ते अवघे ३१ टक्के राहिले. न उठलेले विद्यार्थी बेफिकीर नव्हते. पुष्कळांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम फुटला होता. करावे की न करावे या द्विधेत ते अडकून पडले होते.

दुसऱ्या प्रयोगात एका खोलीत हळूहळू धूर सोडला जाई. खोलीत एकटा असलेल्यांपैकी ७५ टक्क्यांनी बाहेर जाऊन सूचना दिली. परंतु सोबत दोन माणसे मुद्दाम निर्विकार बसविलेली असता केवळ १० टक्के उठले. बाकीचे डोळे चोळीत, खोकत, समोरचा कागद भरीत राहिले.

या प्रयोगांवरून संकोचाची तीन कारणे स्पष्ट होतात. पहिले, जबाबदारीची वाटणी : पाहणारे जितके अधिक, तितका प्रत्येकाच्या वाट्याचा भार हलका वाटतो. दुसरे, परस्परांवरून काढलेला चुकीचा निष्कर्ष : प्रत्येकजण आतून अस्वस्थ असतो पण वरून शांत दिसतो आणि इतरांची वरवरची शांतता पाहून ‘विशेष काही नसावे’ असे समजतो. तिसरे, लोकलज्जा : आपण धावलो आणि प्रसंग तसा नव्हताच असे निघाले तर हसे होईल, ही भीती. या तिन्ही कारणांत क्रौर्याचा लवलेश नाही. म्हणूनच ती ओळखणे कठीण जाते.

विसुद्धिमग्गात आचार्य बुद्धघोषांनी करुणेचे दोन शत्रू सांगितले आहेत. हिंसा हा दूरचा शत्रू. तो सहज ओळखू येतो. जवळचा शत्रू म्हणजे संसारात गुंतलेल्या मनाचा खेद. तो करुणेसारखाच दिसतो आणि म्हणून फसवितो. अपघातस्थळी उभ्या असलेल्या बघ्यांची हळहळ याच जातीची आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. हळहळून आपले मन हलके होते. जखमीचे दुःख मात्र तसूभरही कमी होत नाही.

ज्ञान आणि घाई

धम्माचे ज्ञान असणारा मनुष्य अशा वेळी इतरांहून वेगळा वागेल, असे आपण गृहीत धरतो. १९७३ साली प्रसिद्ध झालेला डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांचा प्रयोग या समजुतीला धक्का देतो. अमेरिकेतील प्रिन्स्टन येथील ख्रिस्ती धर्मशिक्षणसंस्थेच्या चाळीस विद्यार्थ्यांना भाषण देण्यासाठी एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत पाठविले गेले. त्यांपैकी काहींच्या भाषणाचा विषय, वाटेत जखमी पडलेल्या परक्या माणसाला मदत करणाऱ्या प्रवाशाची बायबलमधील कथा हाच होता. वाटेत एका दारापाशी एक मनुष्य कण्हत, खोकत पडलेला दिसेल अशी योजना होती. ज्यांना घाई नव्हती त्यांपैकी ६३ टक्के थांबले. थोडी घाई असलेल्यांपैकी ४५ टक्के. आणि उशीर झाला आहे असे ज्यांना सांगितले होते त्यांपैकी केवळ १० टक्के. भाषणाचा विषय कोणता होता, याने लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही. मदतीच्या कथेवर प्रवचन करावयास निघालेला मनुष्य मदतीची याचना ओलांडून गेला.

दुसऱ्या धर्माच्या विद्यार्थ्यांवर झालेला प्रयोग म्हणून आपण हसून सोडून द्यावा, असे यात काही नाही. रविवारच्या वंदनेला उशीर होऊ नये म्हणून लगबगीने निघालेल्या उपासकाने स्वतःला हाच प्रश्न विचारावा. अंगुत्तर निकायात आळसाची आठ निमित्ते सांगितली आहेत : काम करावयाचे आहे, काम करून आलो आहे, प्रवासाला निघायचे आहे, प्रवास करून आलो आहे, पुरेसे खाल्ले नाही, पोटभर खाल्ले आहे, थोडे आजारपण आहे, नुकतेच बरे वाटू लागले आहे. त्याच सुत्तात पुढे वीर्यारंभाची, म्हणजे उद्योगाला लागण्याची, आठ निमित्ते येतात आणि तीही नेमकी हीच आठ आहेत. परिस्थिती तीच, एकाला ती निजण्याचे कारण होते, दुसऱ्याला उठण्याचे. संकोचाचे समर्थन करणाऱ्या मनाचे इतके नेमके वर्णन क्वचितच आढळेल.

भयागती आणि कायदा

मात्र सर्वच संकोच मनाचा खेळ आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. सिगालोवाद सुत्तात मनुष्याला अयोग्य मार्गाने नेणाऱ्या चार गती सांगितल्या आहेत : छंद, द्वेष, मोह आणि भय. यांपैकी भयाला आपल्या देशात दीर्घकाळ खरोखरीचा आधार होता. जखमीला रुग्णालयात नेणाऱ्यावरच संशय घेतला जाई, पोलीस ठाण्याच्या फेऱ्या माराव्या लागत, साक्षीसाठी वर्षानुवर्षे न्यायालयात तिष्ठावे लागे. ‘कशाला नसते लचांड मागे लावून घ्या’ हे उद्गार अनुभवातूनच आले होते. ‘सेव्हलाइफ फाउंडेशन’ या संस्थेने २०१३ साली केलेल्या देशव्यापी पाहणीत चारांपैकी सुमारे तीन व्यक्तींनी अपघातग्रस्ताला मदत करण्याची तयारी दर्शविली नाही आणि त्यांपैकी बहुसंख्यांनी कायदेशीर कटकटींचे कारण दिले.

ही स्थिती आज कायद्याने पालटली आहे. जखमीचे प्राण वाचविणे हे प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य असून पोलिसी सोपस्कारांसाठी उपचार थांबविता येणार नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच दिला होता. ३० मार्च २०१६ रोजी त्याच न्यायालयाने मदतकर्त्यांच्या संरक्षणासाठी केंद्र शासनाने केलेली मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक ठरविली. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ समाविष्ट झाले आणि २०२० साली त्याचे नियम आले. त्यानुसार सद्भावनेने, स्वेच्छेने आणि मोबदल्याची अपेक्षा न धरता मदत करणाऱ्यावर, मदत करताना काही उणे राहिले तरी, दिवाणी वा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही. त्याच्यावर आपले नाव-पत्ता सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही.

२०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. यांतील कितीजण पहिल्या तासात कोणाचा तरी हात पुढे न आल्यामुळे गेले, याचा विचार अंगावर काटा आणतो. कायदा आहे, परंतु तो ठाऊक असल्यावाचून भय जात नाही. आणि कायदा ठाऊक असला तरी पहिले पाऊल कोणीतरी टाकावेच लागते.

महाडचा धडा

कायद्याने दिलेली मुभा आणि प्रत्यक्ष कृती यांतील अंतर किती मोठे असते, याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव संमत होऊन सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचे धोरण ठरले. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली त्यास अनुसरून चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. कागदावर तळे खुले झाले. तथापि सवर्णांच्या विरोधामुळे आणि दहशतीमुळे तो ठराव कागदावरच राहिला. येथील भय काल्पनिक नव्हते. मारहाण, बहिष्कार आणि उपासमार ही त्यामागे उभी होती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली परिषदेचे प्रतिनिधी मिरवणुकीने तळ्यावर गेले, बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतले आणि त्यांच्या मागोमाग सर्वांनी ते प्राशन केले. त्यानंतर खोटी आवई उठवून प्रतिनिधींवर हल्ला झाला. तरीही बाबासाहेबांनी आपल्या अनुयायांना प्रतिहल्ल्यापासून आवरले. न्यायालयीन लढा १९३७ पर्यंत चालला आणि तो जिंकला गेला.

येथे एक शंका उपस्थित होते. धुराच्या खोलीत माणसांच्या सोबतीने मनुष्य दुबळा झाला. महाडला तीच सोबत त्याचे बळ कशी झाली? उत्तर असे की, संख्या हा दोष नव्हे, मौन हा दोष होय. खोलीतील माणसे एकत्र असूनही एकेकटी होती. त्यांच्यात एक शब्दही निश्चयाचा झाला नव्हता. महाडला जमलेले लोक समान संकल्पाने बांधलेले होते आणि पहिले पाऊल कोण टाकणार हे स्पष्ट होते. गर्दी आणि संघ यांतील भेद हाच. नव्या संशोधनाचा कलही याला पोषक आहे. २०१९ साली अॅम्स्टरडॅम, लँकेस्टर आणि केप टाउन या तीन शहरांतील रस्त्यांवरच्या २१९ भांडणांच्या कॅमेरा-चित्रणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दहापैकी नऊ प्रसंगांत किमान एकतरी त्रयस्थ मध्ये पडलेला दिसला, आणि उपस्थितांची संख्या जितकी अधिक तितकी कोणीतरी मदतीला येण्याची शक्यताही अधिक आढळली. धोका उघड दिसला की माणसे समजतो त्याहून अधिक वेळा धावतात. मनुष्यस्वभावाविषयी निराश होण्याचे कारण नाही.

आपापल्या जागेवरचे शौर्य

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळीबार सुरू झाला तेव्हा विष्णू झेंडे हे उद्घोषक आपल्या कक्षात होते. त्यांच्या हाती शस्त्र नव्हते, ध्वनिक्षेपक होता. प्रवाशांनी सुरक्षित बाजूने स्थानकाबाहेर पडावे, अशी उद्घोषणा ते पुनःपुन्हा करीत राहिले आणि असंख्य प्राण वाचले. त्याच रात्री कामा रुग्णालयात परिचारिका अंजली कुलथे यांच्याकडे वीस गर्भवती स्त्रियांची जबाबदारी होती. हल्लेखोर इमारतीत शिरले असता त्यांनी त्या सर्वांना आडोशाच्या एका लहान खोलीत हलविले. पुढे न्यायालयात आरोपीला ओळखून साक्षही दिली आणि २०२२ साली संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे आपली हकीकत सांगितली.

या दोघांत साम्य काय? हे आपले काम आहे, याविषयी दोघांच्याही मनात संदेह नव्हता. महावग्गातील नियमाने भिक्खूंना जी निश्चितता दिली, ती त्यांच्या पदाने त्यांना दिली होती. दोघांनीही असामान्य काही केले नाही. उद्घोषकाने उद्घोषणा केली, परिचारिकेने रुग्ण सांभाळले. असामान्य होता तो प्रसंग. सामान्यांचे शौर्य बहुधा असेच असते : नित्याचे कर्तव्य, भय समोर उभे असतानाही न सोडलेले.

काय करता येईल?

तात्पर्य, संकोच हा स्वभावाचा शाप नसून अभ्यासाने जाणारा दोष आहे. त्यासाठी काही साध्या गोष्टी मनाशी आधीच ठरवून ठेवाव्यात.

अपघातस्थळी ‘कोणीतरी करा’ असे न म्हणता एकेका व्यक्तीकडे बोट दाखवून काम सांगावे : निळा सदरा घातलेले दादा, तुम्ही १०८ ला दूरध्वनी करा, ताई, तुम्ही वाहने थांबवा. नेमके काम मिळताच बघ्या कार्यकर्ता होतो. स्वतःला मात्र असे समजावे की येथे मी एकटाच आहे.

करुणेला प्रज्ञेची जोड हवी. पोहता न येणाऱ्याने बुडणाऱ्यामागे उडी घेणे म्हणजे दुसरा जीव धोक्यात घालणे होय. दोर, बांबू किंवा पदर फेकणे आणि ओरडून माणसे जमविणे हे त्याचे शौर्य. मान व पाठ दुखावलेल्यास उगाच हलवू नये. वाहणारे रक्त स्वच्छ कापडाने दाबून धरावे. महावग्गात चांगल्या सेवकाची जी लक्षणे सांगितली आहेत, त्यांत औषध सिद्ध करण्याचे कौशल्य, हितकर-अहितकर यांचे ज्ञान, लाभासाठी नव्हे तर मैत्रीभावाने सेवा आणि मलमूत्राची किळस नसणे यांचा समावेश आहे. मैत्रीइतकेच कौशल्यही तेथे आवश्यक मानले आहे. प्रत्येक विहाराने वर्षातून एकदा प्रथमोपचाराचा वर्ग भरविला आणि परिसरातील एकाकी वृद्ध व आजारी यांची जबाबदारी नावानिशी वाटून दिली, तर तो त्या प्राचीन नियमाचाच आजचा अवतार ठरेल.

त्या आजारी भिक्खूच्या जवळून किती भिक्खू गेले असतील, याची नोंद ग्रंथात नाही. ते ध्यानाला जात असतील, देसनेला जात असतील. प्रत्येकाला वाटले असेल, कोणीतरी करील. अखेर ते ‘कोणीतरी’ स्वतः तथागत झाले आणि त्यांनी प्रथम पाण्याचे भांडे हाती घेतले, उपदेश मागाहून केला. आपला क्रम बहुधा याच्या उलट असतो. तो पालटणे एवढेच सामान्य माणसाकडून अपेक्षित आहे आणि तेवढे त्याला खचित साधण्यासारखे आहे.